हॅम्बुर्गी बोली

माणूस मातृभाषा कोणत्याही शिक्षकाशिवाय शिकतो. सबब परकी भाषाही शिक्षकाशिवाय शिकता येते. (जन्मापूर्वी नऊ महिने पाण्यात राहूनही माणूस पुढे पोहता न आल्याने बुडतो, हा मुद्दा येथे गैरलागू आहे.) आमच्या गुरुग्रामच्या सोसायटीत या तत्त्वाला सर्वानुमते मान्यता आहे. वर्ग, फळा, व्याकरण आणि परीक्षा हे सगळं साध्या माणसांसाठी असतं. आम्ही भाषा पिक अप करतो.

पुष्कर निमकर हा आमच्याच टॉवरमधला, मूळचा पुण्याचा. त्याच्या कंपनीच्या स्टुटगार्ट ऑफिसात एक जागा निघणार होती, आणि जर्मन येणाऱ्यास प्राधान्य मिळणार होतं. त्याच्या टीममधल्या विजयालक्ष्मीने लगेच एका क्लासात नाव घातलं. शनिवार-रविवारी ती मेट्रोने जाऊन बाकावर बसायची आणि क्रियापदं पाठ करायची. पुष्करला तिची दया येई.

त्याने स्वतः आधुनिक मार्ग धरला. फ्रिज, गीझर आणि देव्हारा यांच्यावर त्यांच्या जर्मन नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. (देव्हाऱ्यावरची चिठ्ठी त्याच्या बायकोने, म्हणजे स्वरूपाने, त्याच दिवशी काढली.) जर्मन मालिका सबटायटल्स बंद करून पाहिल्या, खून कोणी केला ते कळलं नाही, पण झाला एवढं नक्की कळलं. अंघोळ करताना जर्मनमध्ये विचार करायचा, असाही एक उपाय होता. विचार 'पाणी गरम आहे' याच्यापुढे जात नसल्यामुळे अंघोळ लवकर उरकू लागली.

शेवटी त्याने एक ॲप घेतलं. त्यावर आपण कोणाही अनोळखी माणसाशी, चेहरा न दाखवता, परक्या भाषेत गप्पा मारू शकतो. ॲपचा सल्ला असा होता, की नवं नाव घ्या, नवं गाव घ्या, म्हणजे मेंदू फसतो. पुष्करने नाव 'पीटर' घेतलं आणि गाव हॅम्बुर्ग. ॲपने त्याची गाठ गुंटर नावाच्या माणसाशी घालून दिली. तोही हॅम्बुर्गचाच होता.

एक अस्सल जर्मन माणूस आपल्याशी रोज संध्याकाळी फुकट का बोलतो, हे पुष्करला पडलेलं कोडं त्याने स्वतःच सोडवलं: जर्मन लोक मुळातच परोपकारी असतात. आपलं गाव खोटं आहे हे उघडं पडू नये म्हणून तो हॅम्बुर्गचा विषय टाळी. गुंटरही टाळी. तो का टाळतो, याचा विचार पुष्करने केला नाही. गुंटरच्या घरून रोज कुकरच्या तीन शिट्ट्या ऐकू येत, तेव्हा जर्मन माणूस बटाटेसुद्धा किती शिस्तीने उकडतो याचं त्याला कौतुक वाटे. कधी मधेच गुंटर 'दिवे नाहीत' असं सांगे. युरोप ऊर्जेची बचत करतो, हे पुष्करने वाचलेलं होतं.

व्याकरणाची प्रगती समाधानकारक होती. पुष्करने एखादी चूक केली की गुंटर ती सुधारत नसे. उलट दुसऱ्या दिवशी तीच स्वतः वापरी. त्यावरून ती चूक नव्हती असं सिद्ध होई. गुंटरची वाक्यं पुष्करही तशीच उचली. अशा रीतीने दोघांची जर्मन एकमेकांना पूर्णपणे कळू लागली.

या भाषेत भूतकाळ नव्हता, कारण तो दोघांनाही येत नव्हता. त्यामुळे जुनं काही उकरून काढता येईना. भविष्यकाळ नसल्यामुळे बढाया मारता येईनात. विशेषणं तीन-चारच होती. थोडक्यात, या भाषेत खोटं बोलण्याची सोय नव्हती. घरात चिठ्ठ्या आड येतात म्हणून पुष्कर तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बोले. त्यांच्या संभाषणाचा मराठी तर्जुमा साधारण असा:

"पीटर, तू कसा?"

"मी थकतो. साहेब ओरडतो. घर मोठं. मी लहान."

"मी पण लहान. बायको चांगली. मी बोलत नाही. का, मला माहीत नाही."

"मला भीती आहे."

"मला पण भीती आहे. खा. झोप. उद्या ये."

इतक्या वर्षांत पुष्कर कोणालाच 'मला भीती वाटते' म्हणाला नव्हता. मराठीत त्या जागी तो "ऑल गुड, फक्त थोडं वर्कलोड आहे" असं म्हणत असे.

स्वरूपा एकदा गाडीची किल्ली शोधत खाली आली आणि काचेबाहेर उभी राहिली. त्याने काच खाली केली.

"कोणाशी बोलतोस रे इतकं मन लावून?"

"प्रॅक्टिस."

"घरात नाही करता येत?"

"घरात होत नाही ती."

ती वर निघून गेली. यात काही खटकण्यासारखं आहे, असं त्याला वाटलं नाही.

यथावकाश मुलाखत झाली. जर्मनीहून ब्रांटबाई आल्या होत्या. पुष्कर आत्मविश्वासाने न अडखळता बोलला. बाईंनी सगळं मान तिरकी करून ऐकून घेतलं आणि इंग्रजीत विचारलं, ही कुठली भाषा?

"जर्मन. हॅम्बुर्गकडची बोली आहे," पुष्कर म्हणाला.

"मी हॅम्बुर्गची आहे," ब्रांटबाई म्हणाल्या.

जागा विजयालक्ष्मीला मिळाली. (वर्गात जाऊन भाषा येते, हा गैरसमज अशाच अपवादांमुळे टिकून आहे.)

त्या संध्याकाळी पुष्करने गाडीत बसून गुंटरला विचारलं, "तू हॅम्बुर्ग? खरं?"

पलीकडे कुकरची तिसरी शिट्टी झाली.

"नाही," गुंटर म्हणाला. "मी गाझियाबाद."

पुष्करला राग यायला हवा होता, पण रागावण्याइतके शब्द त्याच्याकडे नव्हते. "मी पण हॅम्बुर्ग नाही," तो म्हणाला. "मी गुरुग्राम."

भेटायचं ठरलं. दोघांना मधे पडतं म्हणून करोल बागेतलं एक चहाचं दुकान निवडलं. गुंटर हा चाळिशीचा, पोट सुटलेला, संकोची गृहस्थ निघाला. दोघं हिंदीत हवामानाविषयी बोलत असताना स्वरूपाचा फोन आला. "हो गं, फॉल-पिकोला दिलेली साडी घेऊनच येतो," पुष्कर म्हणाला.

गुंटरने कप खाली ठेवला. "तुम्ही मराठी?"

"तुम्हीपण?"

"गुणवंत ठोसर," गुंटर म्हणाला.

आता दोन मराठी माणसं परमुलखात भेटल्यावर व्हायचं तेच झालं. दोघांच्याही हाती अचानक संपूर्ण भाषा आली, तिन्ही काळांसह.

"मूळचे कुठले?"

"पुण्याचा," पुष्कर म्हणाला.

"अरे वा. पुण्यात कुठे?"

"हडपसर."

"अच्छा, हडपसर. म्हणजे तसं पुणे नाही."

मग गुणवंतने विचारलं, गुरुग्रामला फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा. पुष्करने विचारलं, गाझियाबादला हवा फार वाईट ना, मुलांचं कसं होतं. गुणवंत म्हणाला, मुलगा आयआयटीची तयारी करतोय, सर म्हणतात नक्की लागेल. पुष्कर म्हणाला, मीच स्टुटगार्टला नाही म्हटलं, आईवडिलांना सोडून कुठे जायचं. दोघांनी एकमेकांकडे हसून पाहिलं. चहा संपायच्या आत ही मैत्री इतकी बिघडली, की बिल कोणी द्यायचं यावर दोघांनीही मनापासून आग्रह केला नाही.

पुष्कर उठला. गुणवंत मात्र बसूनच राहिला. टेबलाकडे पाहत तो त्यांच्या त्या जर्मनमध्ये म्हणाला, "मुलगा हुशार नाही. मला भीती आहे."

पुष्कर परत बसला. "मी स्टुटगार्ट नाही म्हणत नाही," तो म्हणाला. "स्टुटगार्ट मला नाही म्हणतो."

पुढचा तासभर ते जगात फक्त दोन माणसांना समजणाऱ्या भाषेत बोलत बसले. दुकानदाराने मधेच विचारलं, "साहब, बाहर से आए हो?" दोघंही हो म्हणाले.

पुष्कर साडी घेऊन घरी आला. स्वरूपाने पिशवी घेतली आणि विचारलं, "मलाही शिकवशील ती भाषा?"

"ती जर्मन नाहीये. कुठेच चालत नाही. काय करणार शिकून?"

"तू तीत नीट बोलतोस," ती म्हणाली.

हल्ली ती दोघं संध्याकाळी तळघरात गाडीत बसतात. शेजारच्या काही गाड्यांतही आता जोडपी दिसू लागली आहेत. पार्किंगमध्ये गर्दी होते, अशी तक्रार सोसायटीकडे आली होती, पण तक्रार करणाराही परवा बायकोला घेऊन खाली आला. वर घरी मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन समृद्ध भाषा मोकळ्या पडून असतात.

ही हकीगत वाचताना आपल्याला एकही शब्द अडला नसेल. आपलं मराठी उत्तम आहे, याबद्दल अभिनंदन. आता शेजारच्या खोलीतल्या माणसाशी आपण या भाषेत शेवटचं काय बोललो, तेवढं आठवून पाहावं. ओटीपी सांगितला असल्यास तो धरू नये.