चुन्याखालचा सूर्य

इमारत पडली तर दत्तोपंतांचा फायदा असा: वर तीन नवे मजले, खाली सहा गाळे, आणि महिना चौदा रुपये भाडं देणाऱ्या आनंदीबाईंच्या खानावळीपासून कायमची सुटका. माझा फायदा? कोपऱ्यावरचा गाळा, निम्म्या पागडीत. डोकं माझंच होतं ना!

कर्जतच्या बाजारपेठेतली ही इमारत चोपन्न सालची, म्हणजे जेमतेम एकोणतीस वर्षांची. पण दर दसऱ्याला चुन्याचा नवा हात बसून बसून तिचा हलव्याचा दाणा झाला होता. आतला तीळ कसा होता, कुणालाच आठवत नव्हतं.

पंतांच्या अर्जावरून अलिबागचे सरकारी इंजिनियर तपासणीला येणार होते. त्यांनी ‘धोकादायक’ असा शेरा मारला की भाडेकरू बाहेर.

“मग ती धोकादायक दिसायला नको?” मी म्हणालो. “दर्शनी भिंत फोडून ठेवा. साहेबांना खाली उभं राहायची भीती वाटली पाहिजे.”

पंतांनी कळंबच्या धाऊ गवंड्याला चार दिवसांच्या मजुरीवर लावलं, पुढे तरटाचा आडोसा बांधला आणि आम्ही निर्धास्त झालो.

पाचव्या दिवशी साहेबांसमोर तरट सोडलं. आत उगवता सूर्य! सिमेंटचा, लांब किरणांचा. खाली दोन मोर, गोलाईत वळलेला सज्जा आणि ‘१९५४’ असे ठसठशीत आकडे. चुना साफ गेला होता, सिमेंटचा कपचासुद्धा उडाला नव्हता.

“धाऊ, फोडायला सांगितलं होतं ना रे?” पंत कुजबुजले.

“हात नाय उचलला, पंत. माज्या बापाच्या हातचा हाय त्यो. सा महिनं परांचीवर व्हता. मी आपला काथ्यानं घासला.”

आनंदीबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. “अगं बाई, आणि मी मेली इतकी वर्षं मोराच्या डोक्यावर पाटी टांगून बसले.”

साहेब पाऊण तास खाली उभे होते. भीतीचं नाव नाही. मग त्यांनी शेरा लिहिला: बांधकाम भक्कम. दर्शनी भाग जपण्याजोगा. उरलेली दुरुस्ती मालकाने याच गवंड्याकडून करून घ्यावी.

तर शेवटची बेरीज. धाऊला चार दिवसांच्या जागी दोन महिन्यांची मजुरी, पंतांच्या खिशातून. आनंदीबाईंना चौदा रुपयांत खानावळ, वर सूर्य फुकट. साहेबांच्या चहा-शिऱ्याचे पैसे मी भरले. म्हणून हल्ली जाता-येता थांबून तो सूर्य बघून घेतो. तेवढीच वसुली.