लिमये मॅडमचा उलटा प्रश्न

आमचे दादा मार्केट यार्डात हमाल होते. बिबवेवाडीतल्या आमच्या खोलीत फोन नव्हता. गाडी लागली की निरोप कोपऱ्यावरच्या वाण्याकडे यायचा आणि तिथून आमच्याकडे, जो कुणी या बाजूला निघालेला असेल त्याच्या तोंडून. कधी गाळा चुकीचा सांगितला जायचा, कधी निरोपच यायचा नाही. मग कांद्याचा अख्खा ट्रक दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवरून उतरायचा आणि आई पिठाचा डबा उघडून नुसती बघत बसायची. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. इंजिनिअर होऊन नोकरीला लागले, तर तिथंही काम निघालं ते हेच, निरोप चुकू न देण्याचं.

मोबाईल आणि टॉवर सतत एकमेकांना बारीकसारीक निरोप देत असतात. कधी बोल, कुठल्या लहरीवर बोल, आधीचं मिळालं का, हो की नाही. निरोप एवढासा, पण तो चुकला तर मागचा सगळा माल भलत्याच गाळ्यावर. म्हणून त्याला जादाचे बिट जोडतात, असे की वाटेतल्या गोंगाटाने काही बिघडले तरी पलीकडच्याला मूळ निरोप ओळखता यावा. याला एरर करेक्शन कोडिंग म्हणतात. आमच्या गटाच्या प्रमुख लिमये मॅडम हे काम ऑफिसात करतात असं म्हणणं अपुरं आहे. त्या ते सगळीकडे करतात.

मॅडम प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतात. एकदा सरळ, एकदा उलटी.

"रिपोर्ट पाठवलास?"

"हो मॅडम."

"राहिलाय?"

"नाही मॅडम."

दोन्ही उत्तरं जुळली तरच त्या वळणार. एक नवीन मुलगा गडबडून दोन्हीला हो म्हणाला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "यातलं खरं कुठलं ते ठरवून या. मी आहे संध्याकाळपर्यंत." कँटीनच्या मामांनाही सुटका नाही. चहा बिनसाखरेचा ना, असं विचारून झाल्यावर साखर घातलीय का, हेही विचारायचं. मामा एकदा म्हणाले की प्यायल्यावर कळेलच की मॅडम. "प्यायल्यावर कळून काय उपयोग, मामा?"

मोबाईलवरचा अंगठा त्यांना उत्तर म्हणून चालत नाही. अंगठा म्हणजे फक्त पाहिलं, असं त्यांचं मत. मीटिंगमध्ये कुणाची हरकत नाही म्हणजे ठरलं, असं मॅनेजर म्हणाले की मॅडमचा हात वर. "अहो, ठरलं कसं? अजून कुणी बोललेलंच नाही." गंमत अशी की नणंदेच्या लांबलचक कहाण्या त्या खुशाल अर्ध्यात सोडून देतात. मोठ्या गोष्टीतलं थोडं गळलं तरी चालतं म्हणे, हो आणि नाही गळून चालत नाही. आम्ही पाठीमागे त्यांची नक्कल करायचो. मी सगळ्यांत चांगली करायचे.

यंदा आमच्या रिसीव्हरची, म्हणजे टॉवरवर बसून फोनचे निरोप ऐकणाऱ्या यंत्राची, ग्राहकासमोर चाचणी ठरली. त्याच आठवड्यात माझं प्रोबेशन संपत होतं. आणि नेमका माझ्याच भागात घोळ सापडला. फोनने काहीच पाठवलेलं नसताना आमच्या यंत्राला नुसत्या गोंगाटात मधूनच 'हो' ऐकू यायचं. टॉवरला वाटायचं माल पोहोचला, आणि पुन्हा पाठवावा लागला तर म्हणून हातात ठेवलेला माल तो टाकून द्यायचा.

उपाय होता. यंत्राला कडक करायचं. खात्री नसेल तर हो धरू नकोस, पुन्हा विचार. पण मग काही खरे होसुद्धा पुन्हा विचारावे लागणार आणि वेग घटणार. मॅनेजर म्हणाले, ग्राहकाला वेग दिसतो, कधीमधी होणारी चूक दिसत नाही, तेव्हा आहे तसंच राहू द्या. आई रोज विचारायची, कायम करतील ना गं?

चाचणीच्या आदल्या दिवशी मॅडम आल्याच नाहीत. यंत्र कडक करू का, हे विचारायला फोन केला तर म्हणाल्या, घरी ये, असल्या गोष्टीचं हो-नाही मी फोनवर सांगत नाही. कात्रजला डेअरीच्या मागे त्यांची सोसायटी. दार उघडं होतं. आत खिडकीजवळच्या पलंगावर त्यांचे मिस्टर पडलेले. अर्धांगवायूने वाचा गेलेली, हालतं ते फक्त उजव्या हाताचं एक बोट. सांभाळणाऱ्या बाई त्या दिवशी आल्या नव्हत्या. इतकी वर्षं शेजारी बसून ऑफिसात कुणाला हे माहीत नव्हतं.

"अहो, पाणी हवंय?" मॅडमनी विचारलं. बोट उचललं गेलं. मी पेला घ्यायला उठले. त्यांनी मला हातानेच थांबवलं.

"अहो, पाणी नकोय?"

बोट पुन्हा उचललं गेलं.

"ते आपोआपही थरथरतं," त्या मला म्हणाल्या. "सुरुवातीला मी प्रत्येक थरथरीला हो धरायचे. नको असताना भरवत राहिले गं त्यांना. त्यांना सांगता येत नव्हतं."

त्यांनी उशी सारखी केली. मग तेच प्रश्न पुन्हा, त्याच आवाजात, जणू पहिल्यांदाच विचारताहेत. पाणी हवंय? बोट वर. पाणी नकोय? बोट चादरीवर स्थिर. तेव्हा कुठे त्यांनी चमच्याने पाणी पाजायला घेतलं.

"वेळ लागतो," त्या म्हणाल्या. "लागू दे."

मी जे विचारायला गेले होते ते विचारलंच नाही. निघताना त्यांनीच पाठमोऱ्या विचारलं, "मग? कडक ठेवतेस?"

"हो मॅडम."

"सैल सोडतेस?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी चाचणीत आमचा वेग थोडा कमी भरला. मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं. ग्राहकाच्या माणसाने कारण विचारलं, ते मी उभी राहून सरळ सांगितलं. न पाठवलेल्या निरोपाला आमच्या यंत्राने एकदाही हो धरलं नाही. चाचणी पास झाली, आणि आठवड्याच्या शेवटी मला कायम केलं.