दगाजी आबांचा टोलनाका

स्वित्झर्लंडमधल्या घाटातून मोटार न्यायची असेल, तर घाटाघाटावर टोल द्यावा लागतो का? सांगा पाहू. घाई करू नका. मी घाई केली होती. उत्तर नुसतं दिलं नव्हतं, छापून भिंतीवर चिकटवलं होतं, आणि ते अगदी बरोबर होतं. त्या बरोबर उत्तराची लाज मला अजून वाटते.

पण आधी दगाजी आबा.

सुरतेत रेल्वेच्या रुळांखालून रस्ता जातो, त्याला गरनाळा म्हणतात. लांबी एवढीच, की आत शिरताना उच्चारलेला शब्द बाहेर पडल्यावर पुरा व्हावा. अशा गरनाळ्यात भर दुपारी रिक्षाचा दिवा लावून शिरणारा आणि बाहेर पडताच तो विझवणारा अख्ख्या शहरात एकच इसम होता. मागचे स्कूटरवाले ओरडायचे, "ओ काका, लाइट चालू छे!" आबा मान न वळवता सांगायचे, "बोगदुं छे!"

दगाजी आबा शिरपूरकडचे. सुरतेत येऊन निम्मं आयुष्य यंत्रमागावर काढलं, मग रिक्षा धरली. कोसाडच्या वसाहतीत आमच्याच ओळीत राहायचे. आम्ही वऱ्हाडातले, माझे वडील रेल्वेत होते. ते, आबा आणि मी तिघं बोलायला बसलो की दोन मुलखांची मराठी आणि दोन परक्या भाषा एका चहात विरघळायच्या. आबांची अहिराणी मात्र कशातच विरघळायची नाही.

एकदा त्यांच्या रिक्षात कतारगामचा एक हिऱ्यांचा व्यापारी छोटी इंग्रजी पुस्तिका विसरून गेला. आबा ती परत द्यायला गेले, तर तो म्हणाला, "राखो ने काका, हुं तो फरी आव्यो." फिरून आलो, आता मला काय कामाची! आबा ती घेऊन माझ्याकडे आले. ओळीत इंग्रजी वाचणारा मी एकटाच.

"भाऊ, यामा काय लिखेल शे?"

स्वित्झर्लंडात मोटार हाकणाऱ्या पाहुण्यांसाठी तिथले नियम लिहिले होते. आठवडाभर रोज संध्याकाळी मी एकेक पान वाचून मराठीत सांगत होतो आणि आबा डोळे मिटून ऐकत होते. बोगद्यात दिवे लावा. घाटात वर चढणाऱ्याला आधी जाऊ द्या, उतरणाऱ्यानं मागं सरावं. गाडी बंद पडली तर मागे लाल त्रिकोण ठेवा. मोठ्या रस्त्यांसाठी वर्षाचं एक चिकटपत्र घ्या आणि काचेवर लावा, की झालं. आणि एक गंमत म्हणून मी सांगितलं, की तिकडे स्टिअरिंग डाव्या बाजूला असतं. शेजारी बसणारा उजवीकडे.

आबांनी डोळे उघडले. "परत वाच."

मी परत वाचलं.

"म्हंजे बाजूवालाना जेवना हात खिडकीकडे?"

जेवणाचा, म्हणजे उजवा. मी हो म्हणालो. आबांनी पुस्तिका माझ्या हातातून घेतली आणि पोथी गुंडाळावी तशी उपरण्यात गुंडाळली.

दुसऱ्या दिवसापासून सुरत शहराला स्वित्झर्लंडचे नियम लागू झाले.

तापीच्या पुलाच्या चढावर एक हातलारी साड्यांचे गठ्ठे घेऊन वर येत होती. आबा उतरत होते. त्यांनी रिक्षा थांबवली आणि चक्क मागे घ्यायला सुरुवात केली. आतल्या शेठाणीला गाडी गाठायची होती. ती किंचाळली, "स्टेशने जवानुं छे, ने तमे पाछा केम जाओ छो?"

"चढनेवाला पहिला, बेन. कायदा म्हंजे कायदा!"

शेठाणीची गाडी चुकली. लारीवाल्याला आयुष्यात प्रथमच कुणी वाट दिली होती. तो एवढा घाबरला, की लारी तिथेच सोडून विचारायला आला, "मारी कंई भूल थई, साहेब?"

साड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आबांनी लाल त्रिकोणही केला. पहिलं पंक्चर झालं तेव्हा तो रिक्षाच्या मागे उलटा उभा राहिला. थोड्या वेळानं दोन बायका पदर सावरत आल्या आणि हळूच विचारू लागल्या, डॉक्टरीणबाई कुठे बसल्यात, गोळ्या आजच मिळतील का. कुटुंब नियोजनाची फिरती गाडी आहे, असं त्यांना वाटलं होतं. आबा लाजेनं असे लाल झाले, की त्रिकोण दिसेना.

आणि ते चिकटपत्र! डिसेंबर उजाडला की आबा पतंगाचा कागद कापायचे आणि काचेच्या कोपऱ्यात चिकटवायचे. जुनं खरवडायचं, नवं वेगळ्या रंगाचं. हवालदारानं विचारलं, "ये क्या है?" तर म्हणाले, "सालभर का टोल भर दिया, साहेब." हवालदारानं सलाम ठोकल्याचं आबा सांगायचे. मला शंका आहे.

सगळी ओळ त्यांना 'स्वीस आबा' म्हणायची. कुणी काही वावगं केलं, की आबांचं एकच वाक्य: "तठे हाई चालस नही, भो." तिथे हे चालत नाही. कचरा फेकला, तठे चालस नही. रांग मोडली, तठे चालस नही. माझ्या आईनं एकदा वैतागून विचारलं, "आबा, तठे माणसं तरी चालतात का?"

मी हसायचो, पण त्या वयात माझं हसू फार टिकत नसे. मी पत्रकांवर वाढलो होतो. वडिलांची ट्रंक पत्रकांनी भरलेली. इतर मुलांना राजाराणी कळले, त्या वयात मला 'मागण्या' आणि 'निषेध' कळले. पुढे मीच चार पानी पत्रक काढू लागलो. स्टेन्सिल मी कापायचो, शाई माझ्या कोपरापर्यंत यायची. जगात मला दोनच जातींची माणसं दिसत: मोर्चात येणारी आणि न येणारी.

त्या उन्हाळ्यात ओळीच्या नळाला पाणी येईना. आम्ही ठरवलं, हंडे घेऊन रस्त्यावर बसायचं. सगळे तयार झाले. मी आबांकडे गेलो.

"रस्ता अडवाना?" आबा म्हणाले. "तठे चालस नही, भो."

"आबा, तिकडे घरात पाणी येतं!"

"मी पानी भरीसन आनसू सगळास्ले. रिक्षामा. पन रस्ता नही."

आणि ते खरंच पिंप भरून आणत राहिले; आमचे मोर्चेवाले ते पाणी पिऊनच घोषणा देत होते. पण मला ते दिसलं नाही. मला दिसला शिस्तीचा गुलाम. त्यातच रोज संध्याकाळी त्यांच्या खिडकीतून आवाज यायचा. आबा खाटेवर बसून तोंडानं घाट चढणारं इंजिन काढायचे, मग ओरडायचे, "टोल उना वं! काढ!" टोल आला गं. काही वेळ शांतता, मग डब्यात काहीतरी पडल्याचा टण्ण आवाज, आणि पुन्हा इंजिन.

आत आबा आणि त्यांची बायको, यमुनामावशी, एवढेच असत. मावशींना लकवा झाला होता, त्या बाहेर पडत नसत, एवढं मला माहीत होतं. त्यापलीकडे मी विचार केला नाही. मानवमुक्तीचा विचार करण्यात माझा सगळा वेळ जात होता.

मी पत्रक लिहिलं. मथळा: 'खाटेवर बसून टोल भरणारा कामगार'. त्यातला उतारा मला पाठ आहे, दुर्दैवानं. 'इथे घशाला कोरड, आणि आमचा एक बंधू रोज संध्याकाळी बायकोला शेजारी बसवून परदेशी घाटांचा टोल भरतो! बंधूंनो, ती पुस्तिका मी स्वतः वाचली आहे. त्या देशात घाटाघाटावर टोलनाका नाहीच. वर्षाचं एक चिकटपत्र, बस! धन्याच्या देशातला टोलसुद्धा या गुलामानं स्वतःच्या मनानं वाढवला!'

पत्रक नळाच्या भिंतीवर लावलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना इतरांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. नळ आबांच्या खिडकीसमोरच. हशा झाला. "ओ स्वीस आबा, सुट्टे आहेत का?" कुणीतरी ओरडलं. हसणाऱ्यांत माझा आवाज होता.

त्या संध्याकाळी इंजिन वाजलं नाही. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं, आबांची रिक्षा गरनाळ्यात दिवा न लावता शिरली.

मला विजय वाटायला हवा होता. तो वाटला नाही.

चौथ्या दिवशी आबा आमच्या दारात आले. उपरण्यातून पुस्तिका काढून माझ्यापुढे धरली. "हाई तू ठेव, भाऊ. आते काम नही."

"आबा, रागावलात?"

"नही रे. तू खरं लिखं." पुस्तिका माझ्या हातात देऊन म्हणाले, "पन यमुनानी ऐकं ना. मी तिले सांगेल व्हतं, तठे टोल बाजूवालाले देनं पडस." शेजारी बसणाऱ्यानं टोल द्यावा लागतो, असं.

मी त्यांच्या मागून त्यांच्या घरी गेलो. बोलावलं नव्हतं.

खाटेवर मावशी बसल्या होत्या. खाटेच्या डाव्या अंगाला आबांची जागा. तिथे भिंतीला टेकवलेली परात, तेच स्टिअरिंग. उजवीकडे मावशी, आणि त्यांचा उजवा हात मांडीवर, कुणीतरी ठेवायला दिल्यासारखा. त्यांच्या उजव्या बाजूच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, खिळ्याला एक पत्र्याचा डबा टांगला होता. आत चिंचोके. खाली, त्याच रेषेत, भिंतीला भोकं होती. एक खाटेच्या उंचीवर. एक वीतभर वर. त्याहून वर आणखी एक. प्रत्येक भोकातला खिळा उपटून पुढच्या भोकात ठोकलेला.

घाट चढत गेला होता.

आबा खालच्या आवाजात सांगू लागले. दवाखान्यातल्या बाई सांगून थकल्या, हात उचलायचा सराव करा. मावशी ऐकत नव्हत्या. मेलेल्या हाताचे कसले लाड, म्हणायच्या. आबांनी हात धरून उचलला तर रडायच्या. पण नियम म्हटल्यावर त्या ऐकू लागल्या. नवऱ्याचं वेड आहे म्हणून आधी हसत, मग चिडत, मग ईर्ष्येनं. टोल चुकला तर घाट पुन्हा पहिल्यापासून चढावा लागे.

"तीन दिस झाये," आबा म्हणाले, "हात उचलस नही."

मावशी माझ्याकडे बघत होत्या. त्यांचं बोलणं जड येत होतं, पण स्पष्ट होतं.

"तू शिकेल शेस. खरं सांग. तठे टोल शे का नही?"

आयुष्यभर मी एकाच गोष्टीचा गर्व केला होता, की मी खोटं लिहीत नाही आणि खोटं बोलत नाही. मी पुस्तिका उघडली. समोर बर्फात चाकांना साखळ्या कशा बांधाव्यात, त्याचं पान आलं. मी त्यावर बोट ठेवलं आणि वाचलं.

"घाटात प्रत्येक चढावर टोल आहे. तो शेजारी बसलेल्यानंच द्यायचा. खिडकीकडच्या हातानं. दुसऱ्या हातानं दिला तर धरत नाहीत."

मावशींनी पुस्तिकेकडे पाहिलंच नाही. त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"मंग भिंतवर खोटं लिखेल व्हतं?"

"हो मावशी. खोटं लिहिलं होतं."

"खोटं छापनारले तठे दंड शे का?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

आबांनी गंभीरपणे विचार केला. "शे. मांगे बसाना. तोंड बंद."

मी खाटेमागच्या ट्रंकेवर बसलो. आबांनी परात उचलली, तोंडानं इंजिन सुरू केलं. दोन वळणं घेतली. एकदा थांबले, कुणाला तरी वर चढू दिलं. मग हळूच म्हणाले, "टोल उना वं."

मावशींनी डाव्या हातानं उजव्या मुठीत चिंचोका ठेवला. हात मांडीवरून सुटला. थरथरत छातीपर्यंत आला आणि तिथेच अडकला. मला उठून त्या कोपराला आधार द्यावासा वाटला. आबांनी आरशात पाहावं तसं समोर बघतच मान हलवली: नाही. इंजिन त्यांनी चालूच ठेवलं, अगदी हळू, टोलनाक्यावर उभ्या गाडीसारखं. हॉर्न वाजवला नाही. चिंचोका खाली पडला. मी तो उचलून दिला. पुन्हा पडला. पुन्हा दिला. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग टण्ण आवाज झाला.

"चाल आते," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गरनाळ्यातला दिवा लागला.

हे सगळं मी आता पुन्हा छापतो आहे. या माणसाला मी गुलाम म्हणालो तेही छापूनच, म्हणून माफीही छापूनच मागायला हवी. नावं मी बदलली आहेत, पण भिंती बदलता येत नाहीत. तेव्हा वाचकहो, एवढं करा. माझ्या त्या जुन्या पत्रकाची प्रत कुणाच्या ट्रंकेत असेल, तर ती फाडा. आणि कधी कोसाडकडे गेलात, एखाद्या खिडकीतून इंजिनाचा आवाज ऐकून थांबलात, आणि आतून एका बाईनं विचारलंच, की त्या देशात घाटावर टोल आहे का, तर तिच्या डोळ्यांत बघून सांगा: आहे मावशी, प्रत्येक चढावर आहे, आणि पुढचा नाका जरा उंच आहे.