कोऱ्या ट्रकमधली मागची सीट

या गावात कपाटं करणारे चार सुतार आहेत आणि त्यांतला एकच शहाणा आहे, असं त्या एकाचं ठाम मत होतं. लोक त्याला मिस्त्री म्हणत. आपण हातात घेतलं की वाकडं लाकूड आपोआप सरळ होतं, असं मिस्त्री सांगत. मी काही ते पाहिलेलं नाही. पण त्यांच्या दुकानातले वाकडे खिळेसुद्धा कोपऱ्यात तोंड लपवून पडलेले असत, एवढं मात्र मी शपथेवर सांगेन.

तर या मिस्त्रींनी एका सोमवारी, कपातला चहा निवायच्या आत, विजेवर चालणारा एक छोटा ट्रक फोनवरून आगाऊ नोंदवून टाकला.

"झाला बुक," ते बायकोला म्हणाले. बायको दुकानातलं पॉलिशचं काम बघत असे. तिने हातातला बोळा खाली ठेवला नाही.

"रंग कुठला?"

"रंग नाही. नुसता करडा."

"गाणी तरी वाजतात का?"

"नाही."

"काचा?"

"आहेत. हाताने फिरवायच्या."

"मग त्यात आहे तरी काय हो?"

"अगं, तीच तर गंमत. पॉलिश न केलेलं कपाट समज. सांगाडा ते देणार, बाकी आपण आपल्या मनासारखं करायचं. छप्पर लावा, मागे सीट लावा, फळ्या मारा. कंपनीने माझाच विचार करून बनवलाय तो."

"कंपनी ओळखते तुम्हाला?"

"आता ओळखेल."

दाराशी खुर्ची टाकून मिस्त्रींच्या आई पेपर वाचत होत्या. वय ऐंशीला टेकलेलं, पण पलीकडच्या गल्लीत कुणी खिळा पाडला तर तो किती इंची, हे इथे बसून सांगतील असे कान.

"सीटा किती रे?" त्यांनी विचारलं.

"दोन."

आईंनी पेपरचं पान उलटलं. "बरंय की. दोघांना पुरे."

वाक्य एवढंच. पण ते ऐकून मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला. जुन्या व्हॅनमध्ये पुढे तिघांचं बाक होतं. दर मंगळवारी मिस्त्री आईला त्यावर बसवून अकरा किलोमीटर लांब तिच्या धाकट्या बहिणीकडे पोचवत. तेवीस वर्षांत एक मंगळवार चुकला नव्हता. आता आई बसणार कुठे? डिकीत?

बरं, नोंदणी बदलायची किंवा रद्द करायची मुदत होती येत्या शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत. त्यानंतर जे ठरलं असेल ते कायम. मिस्त्रींनी लगेच फोन उघडून मागची सीट जोडली. सीट बसली, पण सामानाची जागा आखूड झाली. साडेसहा फुटांचं कपाट आता मावेना. सीट काढली. कपाट मावलं, आई राहिली. पुन्हा सीट जोडली. बुधवारपर्यंत त्यांनी ती सीट एकोणीस वेळा जोडली आणि एकोणीस वेळा काढली. त्या नादात एका टेबलाला तर त्यांनी उलटा खण बसवला आणि वर दहा मिनिटं त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिले.

"नको होतं तर घेतलंत कशाला?" बायको म्हणाली.

"नको कुठे म्हणतोय मी? हवंच आहे. पण नको वाटतंय."

मिस्त्रींची एक पद्धत होती. कुठलीही नवी वस्तू करायची तर आधी भंगार प्लायवूडमध्ये पूर्ण मापाचा नमुना उभा करायचा, गिऱ्हाइकाला दाखवायचा आणि मगच चांगल्या लाकडाला करवत लावायची. गुरुवारी सकाळी त्यांनी खडू घेतला आणि दुकानाच्या फरशीवर ट्रक आखला. दुपारपर्यंत तो गुडघाभर उंच झाला, संध्याकाळपर्यंत त्याला दारं आली. शेजारचा गादीवाला सहज डोकावला तो आतच अडकला.

"आईंची सीट म्हणता? मग स्पंज माझा. आणि चांगला घालतो, नेहमीचा नाही."

"नेहमीचा कसा असतो?"

"ते जाऊ दे."

शुक्रवारी मिस्त्रींना साक्षात्कार झाला. सीट आणि कपाट एकमेकांच्या वाटेत येतात ना? मग सीट उचला, कपाट खालून सरकवा! एका मुख्याध्यापिकाबाईंचं कपाट पॉलिश होऊन तयारच होतं. शनिवारी चारला त्या ते न्यायला यायच्या होत्या. मिस्त्रींनी आणि गादीवाल्याने ते आडवं करून, माथा पुढे ठेवून, थेट ड्रायव्हरच्या पाठीपर्यंत आत ठेवलं. मग त्याच्या दोन्ही अंगांना चार खांब रोवले, वर सीट ठोकली आणि सगळं सरस लावून पक्कं केलं. आईचं डोकं छपराला लागलं म्हणून छप्पर वर घेतलं. छप्पर वर घेतलं म्हणून खिडकी वर नेली. शेवटी जे तयार झालं ते ट्रकसारखं दिसत नव्हतं. उंटाने बस गिळली तर तो बसल्यावर जसा दिसेल, तसं काहीसं ते होतं.

"खांब आणि कपाट यांच्यामध्ये पोस्टकार्ड जायचं नाही," मिस्त्री छाती फुगवून म्हणाले.

आई शिडीवरून चढून वर बसल्या. मग जेवायलाच उतरल्या. शनिवारी सकाळी पेपर, चष्मा आणि विणकाम घेऊन पुन्हा चढल्या. खिडकीतून अख्खा रस्ता दिसत होता. येणाऱ्याजाणाऱ्याला वरूनच हाका मारत होत्या. मिस्त्रींना इतकं भरून आलं की त्यांनी फोन उघडून मागची सीट विसाव्यांदा जोडली.

चारच्या ठोक्याला बाई हजर.

"मिस्त्री, माझं कपाट?"

"तयार आहे."

"कुठे आहे?"

"गाडीत."

"अरे वा. म्हणजे पोचवायलाच निघाला होतात."

"तसं नाही."

बाईंनी चष्मा सारखा करून त्या उंटाला प्रदक्षिणा घातली. "ही चालते?"

"नाही."

"मग कपाट आत कशाला?"

"मावतंय का बघायला."

"मावलं?"

"अगदी फिट्ट."

"मग काढा."

"तेच तर," मिस्त्री म्हणाले.

कपाटाच्या माथ्याला दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं बाहेर आलेली नक्षीची पट्टी होती. ती खांबांच्या पुढे, खांब तिच्या मागे. मागे ओढलं की पट्टी खांबांना अडायची. गादीवाल्याने ओढलं, बायकोने ओढलं, बाईंनी पदर खोचून ओढलं. कपाट हललं नाही. वर आईंच्या सुया चालू होत्या.

"खांब कापावे लागणार," गादीवाला म्हणाला.

मिस्त्रींनी करवत घेतली. "आई, जरा खाली ये."

"का?"

"सीट कापायचीय."

"माझी?"

करवत हातातच राहिली. घड्याळात साडेपाच झाले होते. मिस्त्रींनी वर आईकडे पाहिलं, खाली कपाटाकडे पाहिलं आणि त्यांचा सगळा शहाणपणा एकदम उतरला.

"आई, खरं सांगतो," ते म्हणाले, "ही सीट इथेच ठीक आहे. खऱ्या ट्रकमध्ये एवढ्या उंचीवर सीट लावूच देणार नाहीत. मला कालच कळलं होतं, पण बोलवेना. जाऊ दे. रद्दच करतो मी. तुला जागा नाही ती गाडी मला नको."

त्यांनी फोन काढला. 'रद्द करा'वर बोट ठेवलं. फोनने विचारलं, नक्की?

"थांब," आई वरून म्हणाल्या. "त्या गाडीत मला बसवायचं म्हणून चाललंय हे सगळं?"

"मग कशाला?"

"अरे, मला वाटलं तू काहीतरी दुकानाच्या जाहिरातीचं करतोयस." आईंनी सुया बाजूला ठेवल्या. "मला नाही बसायचं तुझ्या गाडीत. तेवीस वर्षं दर मंगळवारी मला मळमळतं. धाकटीकडे पोचले की आधी तासभर आडवी होते, मग आम्ही बोलायला लागतो. दोन सीटची गाडी येतेय म्हटल्यावर मी तिला फोन करून सांगितलं, सुटले एकदाची. आता बसने येते."

मिस्त्री शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. "बसमध्ये नाही मळमळत?"

"नाही. गाडीने नाही रे मळमळत. तुझ्या ब्रेकने मळमळतं."

गादीवाला एकदम स्पंज तपासू लागला.

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढ्या हौसेने नेतोस, कसं बोलू? आणि या आठवड्यात तू विचारलंस कुठे? उंची किती हवी विचारलंस, स्पंज किती हवा विचारलंस. यायचंय का, असं कुणी विचारलंच नाही."

"मग दोन दिवस इथे चढून का बसलीस?"

"ही हलत नाही ना," आई म्हणाल्या.

सहाला पाच मिनिटं असताना मिस्त्रींनी मागची सीट विसाव्यांदा काढली आणि करडा, कोरा, दोन सीटांचा ट्रक पक्का केला. राहिलं कपाट. मागे सरकत नव्हतं, पण पुढे सरकलं असतं. पुढे फक्त ड्रायव्हरची सीट होती. आईंची सीट जागच्या जागी ठेवून मिस्त्रींनी स्वतःची सीट, स्टिअरिंग आणि पुढची काच, सगळं करवतीने उडवलं. कपाट बाळ जन्मावं तसं अलगद बाहेर आलं. पॉलिशला चरासुद्धा नाही.

ते जुन्या व्हॅनमध्ये चढवलं. मिस्त्रींनी बाईंसाठी दार उघडून धरलं.

"नको," बाई घाईघाईने म्हणाल्या. "मी येते बसने."

बायको मात्र नेहमीसारखी चढून शेजारी बसली. व्हॅन निघाली. पहिल्या वळणावर मिस्त्रींनी ब्रेक मारला. आयुष्यात पहिल्यांदाच जपून मारला. दुसऱ्या वळणावर त्याहून जपून मारला. मग त्यांनी बायकोकडे तिरक्या डोळ्याने पाहिलं.

"तुला तर काही होत नाही ना गं?"

बायकोने समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"अहो," ती म्हणाली, "तो ट्रक एका सीटचा मिळत नव्हता का?"