खरं भोक, खोटं भोक

घरातल्या माणसांची नाकं नाहीशी होत असल्याची तक्रार सासूबाईंनी केली, तेव्हा ती गांभीर्याने घेण्यात आली. डावा डोळा झाकला की कान, केस, हनुवटी जागच्या जागी. मधोमध मात्र धुकं. माझ्या चिमणीला भरवताना त्यांचा चमचा कानात जाऊ लागला. चिमणीला हा खेळ वाटे. ती दुसरा कान पुढे करी.

"मला फार काही नको," सासूबाई म्हणाल्या. "हिला नाक तुझ्या माहेरचं आलंय की आमच्याकडचं, तेवढं बघू दे."

नेत्ररुग्णालयात डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आडवा छेद दाखवणारा स्कॅन झाला. नजर जिथे एकवटते नेमका तिथेच खळगा होता. इथवर एकमत झालं. पुढे अडचण अशी, की पडद्याला पडलेलं खरं भोक आरपार असतं, त्याला वेळेत ऑपरेशन लागतं. खोट्याला तळ असतो, त्याच्यावर नुसतं लक्ष ठेवायचं. चित्रात दोन्ही जुळ्या भावंडांसारखी. म्हणून रुग्णालयाने दोन स्वतंत्र विभाग काढले होते.

खोट्या विभागाचे डॉक्टर म्हणाले, तळ दिसतोय. खऱ्याचे म्हणाले, स्कॅनची रेघ बाजूने गेली असणार, मधून घ्या. मागणी रास्त होती. पण मशीन खोट्या विभागाचं, आणि तिथे खऱ्या भोकांना प्रवेश नव्हता. भोक खोटं असल्याचं सिद्ध केल्यास ते खरं आहे का हे आनंदाने तपासून मिळणार होतं.

प्रकरण समितीकडे गेलं. चित्र भिंतभर मोठं करण्यात आलं. त्यावर सावली पडते म्हणून सासूबाईंना बाहेर बसवलं. त्यांनी दारातून डोकावून सांगायचा प्रयत्न केला, की भिंतीवरची सरळ पट्टीसुद्धा त्यांना मध्ये तुटलेली दिसते.

"आजी, तुम्ही मध्ये बोलू नका," अध्यक्ष मायेने म्हणाले. "चित्र बोलतंय ना."

पुढच्या वेळी चित्र तेवढं आणा, पेशंटची गरज नाही, असंही कळवण्यात आलं.

अखेर ठरलं, की भोकानेच आपली भूमिका स्पष्ट करेपर्यंत थांबावं. भोकाने सहकार्य केलं. ते इतकं मोठं झालं की चहावाल्यालाही लांबून ओळखू आलं. समितीत एकमत झालं, टाळ्या वाजल्या, ऑपरेशनही पार पडलं. नंतरचं चित्र इतकं देखणं आलं की ते चौकटीत बसवून रुग्णालयाच्या दारात लावलं गेलं. लोक त्याच्यासोबत फोटो काढतात.

ही हकीकत ऐकून प्रत्येकजण मला एकच विचारतो: म्हणजे भोक आधीपासून खरं होतं, की खोट्याचं खरं झालं? तुमच्याही ओठावर तेच आलं असेल.

सासूबाई इथेच बसल्या आहेत, चिमणीला मांडीवर घेऊन, तिच्या नाकावरून हळूच बोट फिरवत. आता दिसतं का हो, असं त्यांना अजून तुम्हीही विचारलेलं नाही.