शनिवारची फ्लॉपी

किसनभाऊंच्या एकाच मनगटावर दोन घड्याळं होती. कचेरीतल्या माझ्या पहिल्या दिवशी पाहिलं आणि मी चाटच पडले! छत्र्या दोन, चष्मे दोन, जेवणाचे डबेसुद्धा दोन, आणि दोन्हींत तीच वांग्याची भाजी.

"काऊन हो भाऊ?" मी विचारलं.

"एक हरपला तं? एक म्हणजे काईच नाई, बाई."

नव्वदनंतर आदिलाबाद जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा कचेरीत कॉम्प्युटर आला. कुणाचं वावर, म्हणजे शेत, कुठं नि किती, ते त्यात भरायचं काम माझं. जुनी रजिस्टरं वाळवीनं खाल्लेली. रोज संध्याकाळी आमचे जुने कारकून किसनभाऊ माझ्या मानगुटीवर बसून दोन फ्लॉप्यांवर नक्कल काढून घेत. आणि तिसरी? ती दर शनिवारी कंडक्टरच्या हाती मंचेरियलला जाई, त्यांच्या लेकीकडे! त्याच बसनं मागल्या शनिवारची परत येई. साहेबांना याचा पत्ताच नव्हता.

एका गुरुवारी गिरजाबाई आली. दीर तिच्या वावरात औत घालून राह्यला होता, सोमवारी पंचांना कागद दाखवायचा होता.

मी शोधलं. नाव नाही. शेजाऱ्याचं नाही. अरे देवा, अख्खं गावच नाही! मंगळवारी एक ओळ पुसताना मी गाव पुसून बसले होते.

"माहं वावर कुठी गेलं वं बाई?" म्हातारी विचारत होती.

धावत जाऊन दोन्ही फ्लॉप्या लावल्या. दोन्हींत गाव गायब.

"नक्कल हाये ते," किसनभाऊ म्हणाले. "तुही चूक बी इमानानं उतरवली तिनं. मंचेरियलची मंगळवारच्या आधीची हाये. शनवारपर्यंत दम धर."

शनिवारी बस आली, पाकीट आलं, फ्लॉपी लावली, आणि गाव उघडलं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

कागद न्यायला आलेल्या गिरजाबाईनं तो पदरात बांधला आणि कचेरीभर ओरडली, "माहं वावर मंचेरियलहून आलं वं माय!"

साहेब बाहेर आले. डोळे विस्फारलेले. "सरकारी दफ्तर बस में घूमता है? आज से बंद!"

रिकाम्या पाकिटावर लेकीच्या अक्षरात किसनभाऊंचं नाव होतं, तेवढंच. त्यांनी त्याची जपून घडी घातली आणि ते खिशात ठेवलं.

"लेकीला चिठ्ठी लिहा ना, भाऊ," मी म्हटलं.

"लिहतो ना. आपल्या मनानं लगन केलं तिनं, मी दारात उभी नाई केली. चार वर्सं झाली, एका चिठ्ठीचं उत्तर नाई." ते दोन्ही घड्याळांकडे पाहत राहिले. "पण सरकारी वस्तू परत करते बाई ती. फ्लॉपी आली का समजतो, लेक बरी हाये."

माणूस दोन-दोन डबे आणतो म्हणून आम्ही हसत होतो, आणि लेक मात्र त्याला एकच होती!

बस सुटायला दहा मिनिटं होती. मी कपाटातून कोरी फ्लॉपी काढली, तिच्यावर ठळक लिहिलं, 'सरकारी. परत करणे.' आणि त्यांच्यापुढे धरली.

किसनभाऊंनी ती उलटसुलट करून पाहिली.

"अजून एक दे," ते म्हणाले. "बसमधी एक हरपली तं?"