कर्णिककाकांचा बॉयलर

कर्णिककाका कुणाच्या घरी गेले की माणसांशी बोलण्याआधी फ्रिजच्या मागे हात घालतात. पंजाची उलटी बाजू लावून पाहतात आणि घरच्या बाईकडे असं बघतात, की तिला उगाचच गुन्हेगार वाटावं. मग म्हणतात, "गरमी फुकट चाललीय."

आम्ही बहारीनला, झिंजमध्ये एका जुन्या घरात भाड्याने राहतो. खाली मालकीणबाई उम्म खालिद, मधे आम्ही, वर काका. काका हिद्दच्या एका कारखान्यात थंड-गरमाचीच यंत्रं सांभाळतात. काकू गेल्यापासून एकटेच असतात. त्यांच्या घरात दिवे, पंखा, चहाची किटली, सगळ्याला टायमर. "बटण दाबायला माणसाला उठावं लागलं, म्हणजे इंजिनियर हरला," हे त्यांचं आवडतं वाक्य. मी साताऱ्याची, तोंडाची फटकळ. मी एकदा म्हटलं, "काका, अंघोळीला तरी उठता ना?" त्यावर त्यांनी मला दिवसभर तोंड दाखवलं नाही. संध्याकाळी मात्र चकल्या घेऊन आले.

घराच्या मागच्या अंगणात डिझेलचा जुनाट बॉयलर आहे. अबू खालिद, म्हणजे उम्म खालिदचे यजमान, हयात असताना त्यांनी हौसेने बसवलेला. सुरू होताना तो आधी ठसकतो आणि मग अख्खं घर घुमवतो. थंडीत पहाटे त्याच आवाजाने मी दचकून उठायचे आणि चारचौघांत म्हणू नयेत असे शब्द म्हणायचे. मालकीणबाईंचा मुलगा खालिद तो भंगारात द्यायला निघाला, तेव्हा मी मनातल्या मनात पेढे वाटले.

काका आडवे आले. "म्हाताऱ्याला हाकलायचं कशाला? शेजारी हीट पंप जोडू. पाणी तो तापवेल, हा बसून राहील." मला समजावलं, "फ्रिज आतली गरमी बाहेर टाकतो की नाही? हा बाहेरची गरमी पाण्यात आणतो. थंड हवेतही गरमी असते गं, काढणारा पाहिजे."

तीन शुक्रवार काका अंगणात गुडघ्यावर होते. पाइपांना कापडात असं गुंडाळलं, की तान्ह्या बाळाला कुणी इतकं जपत नसेल. आणि काय सांगू, यंत्र चाललं! आवाज नाही, धूर नाही, नळाला कढत पाणी. खालिद खूश. गल्लीतले लोक अंगणात येऊन पाहून जाऊ लागले, आणि पलीकडच्या घरमालकाने तर तस्सं आपल्याकडेही बसवायला सांगितलं. काकांची मान इतकी ताठ झाली की जिना उतरताना त्यांना पायऱ्या दिसत नसाव्यात. मला मनापासून कौतुक वाटलं त्यांचं. तसं बोलूनही दाखवलं, आणि माझ्याकडून ते फारसं होत नाही.

आठवडाभरात पहाटे पुन्हा तो ठसका. पुन्हा घर घुमलं.

खालिदने काकांना अंगणात गाठलं. "इंजिनियर, तुम बोला था बॉयलर खलास."

काका खाली बघत म्हणाले, "ठंडी में थोडा कम पडता है."

पलीकडच्या घरमालकाने विचार बदलला. गल्लीत 'इंजिनियरचं यंत्र फेल' झालं. मीही सोडलं नाही. "काय काका, बहारीनच्या थंडीला भ्यालं का तुमचं यंत्र?" ते नुसते हसले. माझ्या चहात उकळी कमी पडली तरी वाद घालणारा माणूस हार मानून हसतो, हे मला काही पटेना.

मी सुट्टीवर निघाले त्या दिवशी पहाटेचं विमान होतं. मुहर्रकच्या विमानतळावर न्यायला टॅक्सी यायची होती म्हणून बॅग घेऊन खाली आले, तर अंगणात कानटोपी घातलेले काका. बॉयलरपाशी उभे, घड्याळाकडे नजर. त्यांनी हाताने बटण दाबलं. बॉयलर ठसकला, घुमला. उम्म खालिदच्या खिडकीत दिवा लागला.

मला पाहून काका चोरासारखे गोरेमोरे झाले.

"यंत्र उत्तम चालतंय गं," ते हळूच म्हणाले. "पण बॉयलर बंद झाला आणि बाईंची पहाटेची नमाज चुकायला लागली. अबू खालिद हा सुरू करायचे, ते गेल्यावरही हा पहाटे सुरू व्हायचाच, त्या आवाजाने त्या उठायच्या. एकदा इथेच बसून रडत होत्या. म्हणाल्या, इंजिनियर, पानी बहुत अच्छा, लेकिन अब घर में कोई उठाता नहीं."

"मग खालिदला सांगायचं ना तसं."

"त्याला घड्याळाचा गजर पुरेसा वाटेल. मग हा जाईल भंगारात. त्यापेक्षा माझं यंत्र फेल असू दे."

मी म्हटलं, "अहो, पण टायमर? तुम्ही आणि हाताने बटण?"

"नमाजची वेळ सरकत असते," काका म्हणाले. मग थोडं थांबून, "तेही जमवता येईल म्हणा टायमरला. पण ही गेल्यापासून मला चारलाच जाग येते, मंजिरी. पडून राहवत नाही. इथे यायचं असतं म्हणून उठतो."

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला. काकांनी सवयीने पंजाची उलटी बाजू बॉयलरला लावली. पत्रा चांगलाच तापला होता, गरमी चारी बाजूंनी फुकट चालली होती. काका हात तसाच ठेवून उभे राहिले.